गोंगाटाचा आडोसा

त्यांच्या शिंकेची सुरुवात हळू होई. आधी एक लांब उसासा, मग कडी हलल्यासारखी खडखड, आणि शेवटी असा स्फोट, की माझ्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या एकमेकींवर आपटून किणकिणत. झाशीला प्रेम नगरात मी वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतली, तेव्हा खाली राहणाऱ्या घरमालकांनी पाण्याची वेळ, विजेचा मीटर, गच्चीची किल्ली यांविषयी सविस्तर सांगितले होते. शेजारच्या भाडेकरूंविषयी मात्र ते एवढेच म्हणाले, "आप ही की तरफ के हैं, मराठी. आदमी सज्जन हैं. बस, थोड़े..." आणि त्यांनी कपाळाजवळ बोट गोल फिरवले.

शिंक हा त्यातला सौम्य प्रकार होता. ते लोखंडी स्टूल फरशीवर ओढत. मिक्सर रिकामाच फिरवत. टीव्हीवरच्या चर्चांत स्वतः भाग घेत आणि दोन्ही पक्षांना झापत. गणपतीची आरती वैशाखातही म्हणत, आणि एकदा सुरू झाले की देवांची सगळी रांग संपल्याशिवाय थांबत नसत. सूर त्यांना कधी सापडला नाही; शोधल्याचेही आठवत नाही. त्यांचे सर्वांत प्रभावी साधन म्हणजे फोनवरचे भांडण. "कैसे नहीं आया बिल? मैं खुद आऊँगा दफ्तर में! नाम लिखिए मेरा, बड़े अक्षरों में लिखिए!" हे भांडण ऐन रंगात असताना एकदा त्यांचा फोन माझ्यासमोर गॅलरीच्या कठड्यावर पडलेला होता. म्हणजे ते कोणाशी बोलत होते, हा प्रश्न तेव्हाच उपस्थित व्हायला हवा होता. मला फक्त राग आला.

साठी ओलांडलेले, उंच, काटकुळे. छावणीतल्या एका कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी पौरोहित्यासाठी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत फडताळ, न्हाणी, लुगडे हे माझ्या आजोळीही मावळलेले शब्द जिवंत होते, आणि त्याच वाक्यात "अच्छा जी" आणि "मतलब" सुखाने नांदत. मी नागपूरची. हरभऱ्याच्या मुळांना लागणाऱ्या बुरशीवर एका प्रयोगशाळेत काम करत होते आणि परदेशातल्या एका संशोधनवृत्तीच्या तयारीत होते. मला घरी शांतता हवी होती, आणि ती मागण्याची माझी पद्धत शिस्तशीर होती. आवाजाची तीव्रता मोजणारे साधन मी फोनवर घेतले, काही दिवस मोजमाप केले आणि आलेखासकट त्यांच्या दारात उभी राहिले.

"काका, हे बघा. तुमच्या भिंतीतून माझ्या खोलीत इतका आवाज येतो. एवढ्या आवाजात माणसाला विचार करता येत नाही."

दार त्यांनी अंगाच्या रुंदीएवढेच उघडले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी आलेख डोळ्यांशी धरला. "अरे वा! चढतोच आहे की. बेटा, याच्यात जास्तीत जास्त किती मिळतात?"

"हे गुण नाहीत, काका."

"मग काय, दंड आहे?" ते प्रसन्नपणे हसले. "तुम्ही सायंटिस्ट लोक. विचार करायला तुम्हाला शांती लागते. आम्हा बाबू लोकांचं बरं असतं, विचारच करायचा नसतो." आणि दार लावून घेता घेता आतून त्यांनी अशी काही शिंक दिली, की माझ्या हातातल्या साधनाने त्या महिन्यातला उच्चांक दाखवला.

प्रत्येक घटनेला कारण असते, हे गृहीत धरण्याचे शिक्षण मला मिळालेले आहे. त्यांच्या गोंगाटाचा संबंध मी घड्याळाशी, जेवणाशी, विजेच्या ये-जा करण्याशी, टीव्हीवरच्या कार्यक्रमांशी जोडून पाहिला. कशाशीच जुळेना. मग एका रविवारी दुपारी माझ्या हातून एक काचपट्टी निसटून टेबलामागे गेली. ती काढायला मी भिंतीलगत जमिनीवर बसले, तेव्हा खालच्या बाजूने, जिथे भिंत पातळ होती, तिथून एक बारीक, ताणलेला आवाज आला. बाईचा. म्हातारा. "सुमे... ए सुमे... दार उघड गं... किती वेळ उभी करशील?" पाठोपाठ काकांची आरती. तो आवाज चढला, तशी आरतीही चढली. तो थांबला आणि आरती अर्ध्या कडव्यात बंद पडली. इतके दिवस मी एका संवादाची फक्त एकच बाजू मोजत होते.

मी जाऊन दार वाजवले आणि या वेळी आलेख नेला नाही. "आत कोण आहे, काका?"

जिन्याकडे एक नजर टाकून त्यांनी मला आत घेतले आणि कडी लावली.

खोलीत ओलसर वास होता. पंख्याखाली दोरीवर नऊवारी लुगडी वाळत होती. बाहेरच्या तारेवर घातली असती, तर त्यांनीच चहाडी केली असती. खाटेवर एक इवलीशी म्हातारी बसली होती. तिने मला पाहून पदर सारखा केला आणि काकांना विचारले, "नळ झाला का रे दुरुस्त?"

"होतोय आई, वायसर आणायला पाठवलंय," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माझ्या सासूबाई. मला नळवाला समजतात. चांगलं आहे, नळवाल्यावर कोणी रुसत नाही."

सुमन ही त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षे झाली होती आणि आजींना दुसरे अपत्य नव्हते. म्हणजे तुम्ही जावई असून, असे मी बोलायला सुरुवात केली, तर त्यांनी मला पुरे करू दिले नाही. "तर? मुलगी गेली म्हणून सासू रिटायर होते का?"

लपवण्याचे कारण साधे होते. त्याच खोलीत पूर्वीचा एक वृद्ध भाडेकरू वारला होता. त्यानंतर खोलीत यायला कोणी तयार होईना आणि ती फार काळ ओस पडली. तेव्हापासून घरमालकांची अट होती, आजारी माणूस ठेवायचा नाही. मलाही त्यांनी विचारले होते, "घर में कोई बीमार-वीमार तो नहीं आएगा रहने?" आजींना काकांनी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेली नातेवाईक म्हणून वर आणले होते, आणि काही दिवसांनी खाली सांगितले होते, की त्या परत गेल्या. आधीच्या घरांतूनही त्यांना याच कारणाने निघावे लागले होते. कोणी भांडले नव्हते. सगळे हात जोडूनच निघा म्हणाले होते.

"आणि प्रत्येक वेळी," काका म्हणाले, "यांचं काहीतरी मागे राहतं. आधी बोलणं नीट होतं, ते गेलं. मग माणसं गेली. आता फक्त ही भिंत राहिली आहे. बघ."

त्यांनी दाखवले. खाटेपासून न्हाणीपर्यंतच्या भिंतीवर, आजींच्या खांद्याच्या उंचीवर, एक मळकट पट्टा उमटला होता. त्या पट्ट्याला हात लावून त्या उठत, चालत, न्हाणीत जात, परत येत. माणसे त्यांच्या लक्षात राहत नव्हती; हा रस्ता राहिला होता. तो शिकायला त्यांना इथे आल्यावर कित्येक महिने लागले होते आणि तोवर त्या अंथरुणातच होत्या. सदर बाजारातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की पुन्हा जागा बदलली, तर त्या उठणार नाहीत.

"म्हणून यांना इथून हलवायचं नाही," ते म्हणाले. "जे व्हायचं ते इथेच होऊ दे. मग मालक मला फाशी देऊ देत. मतलब, काढू देत."

"पण एवढा आरडाओरडा? लोक तुम्हाला वेडा म्हणतात."

"म्हणू देत ना. भाडं वेळेवर दिलं की पागल चालतो, बेटा. आजारी नाही चालत." नंतर त्यांनी आपला सिद्धान्त मांडला, एखादा प्रबंध वाचावा इतक्या गंभीरपणे. "गप्प घराकडे लोक कान लावतात. ज्या घरात सारखा कलकलाट, तिथे कोणी काही ऐकत नाही. आणि नुसता टीव्ही चालत नाही. टीव्हीच्या वर यांचा आवाज चढतो. टीव्हीशी भांडणारा माणूस लागतो."

त्या दिवसानंतर मी तक्रार केली नाही. कानात घालायचे बोळे आणले, रोज आजींना पाहून येऊ लागले आणि काकांच्या कार्यक्रमाची जाणकार श्रोती झाले. शिंक म्हणजे किरकोळ हाक. मिक्सर म्हणजे रडणे. वीज कार्यालयाशी भांडण म्हणजे आजी दारापर्यंत पोचून कडी हलवत आहेत. गॅलरीत भेटले, की ते विचारत, "आजचा परफॉर्मन्स कसा होता? तिसऱ्या आरतीत जरा घसरलो ना?" त्यांना हसू कसे येते, हे मला कळत नसे. मग हळूहळू कळले, की त्यांना दुसरे काही येऊ देण्याची सोयच नव्हती. रडणे खाली ऐकू गेले असते आणि कोणीतरी विचारपूस करायला वर आले असते.

माझी संशोधनवृत्तीची मुलाखत व्हिडिओवर होती. मी त्यांना फक्त दिवस आणि वेळ सांगितली. आणखी काही मागण्याचे मला धाडस झाले नाही. मुलाखतभर पलीकडे चकार शब्द नव्हता. माझे काम मी मांडले, प्रश्नांना उत्तरे दिली, आणि अर्धे लक्ष सतत भिंतीकडे होते. नंतर गेले, तर काका रिकामी कढई घेऊन बसले होते.

"शिरा," ते म्हणाले. "खात असल्या की हाक मारत नाहीत. तुझा पेपर सुटेपर्यंत भरवत राहिलो. आता दोन दिवस यांचं पोट आणि माझी परीक्षा. कशी झाली मुलाखत?"

"बरी झाली."

"बरी नाही चालणार. एवढं तूप गेलं आहे."

थंडी ओसरताना घरमालकांच्या मुलीचे लग्न ठरले. अंगणाला रंग लागला, पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली. वरात याच दारात येणार होती. काकांनी ते ऐकले आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर उघड भीती दिसली. "लग्नघरात सगळ्यांचे कान उघडे असतात," ते म्हणाले. त्यांनी आपला आवाज दुपटीने वाढवला. दिवसभर आरत्या, भांडणे, आरत्या. खालून कोणीतरी बाई हसून म्हणाली, "पंडितजी तो बारात से पहले ही बाजा बजा रहे हैं." आठवडाभरात त्यांचा घसा पार बसला. तोंड उघडले, की नुसती हवा निघे.

हळद-दूध, वाफारा, मिठाच्या गुळण्या, काही उपयोग झाला नाही. एके दिवशी सकाळी पाहुणे अंगणात बसले होते आणि पलीकडे आजींनी हाक मारायला सुरुवात केली. काकांनी मिक्सर लावला. तोही तापून बंद पडला. मग मी सुरू केले. स्टूल ओढले. ताटे पाडली. एक व्याख्यान मोठ्याने लावले आणि त्यावर, जेवढी येत होती तेवढी, आरती म्हटली. मला वाटले, त्यांची जागा मी काही काळ भरून काढू शकेन. एक साधी गोष्ट माझ्या हिशेबातून सुटली होती. त्यांचा गोंगाट ही त्या घराची नेहमीची स्थिती होती. त्यांची शांतता आणि माझा गोंगाट, दोन्ही एकाच वेळी, ही नव्हती.

घरमालक धावतच वर आले. "बिटिया, क्या हुआ? आप तो कभी इतना..." मी हातातले ताट खाली ठेवले. त्या स्तब्धतेत भिंतीतून स्पष्ट आले, "सुमे... दार उघड गं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग भिंतीकडे, आणि जाऊन शेजारचे दार वाजवले. काकांनी उघडले. अडवायला त्यांच्याकडे आवाजही नव्हता.

"ये कौन हैं?"

"इनकी सास हैं, बाबूजी," मीच म्हणाले.

"ये तो चली गई थीं." ते दारातच थबकले होते. आजींनी त्यांच्याकडे पाहिले, पदर डोक्यावर घेतला, आणि इतक्या दिवसांत मी कधी ऐकला नव्हता, अशा स्वच्छ, घरंदाज आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, उभे का? बसा ना. जेवलात का?"

काकांनी मान फिरवली आणि ते वाळत घातलेल्या लुगड्यांच्या घड्या करू लागले.

"क्या कह रही हैं?" घरमालकांनी मला विचारले.

"आपको अपना दामाद समझ रही हैं. पूछ रही हैं, खाना खाया कि नहीं."

त्यांनी वाकून हात जोडले. "खा लिया, अम्मा." मग आम्हाला गॅलरीत घेऊन आले आणि तिथे पुन्हा हात जोडले, या वेळी काकांना. "पंडितजी, हम पत्थर नहीं हैं. पर बेटी का ब्याह है. मंडप गड़ा हो और ऊपर कुछ हो जाए, तो लड़के वाले दरवाजे से लौट जाएँगे. आप तो खुद पंडित घराने के हैं, आप जानते हैं. होली के बाद ले आइए वापस. मैं खुद लेने आऊँगा."

काकांचे ओठ हलले. घरमालकांना जवळ कान न्यावा लागला. "तब तक रहेंगी?" एवढेच त्यांनी विचारले होते.

मी मध्ये पडले. वैद्यकीय बाजू सांगितली, भिंतीवरचा पट्टा दाखवला, जागा बदलल्याचा परिणाम समजावला. मुद्देसूद बोलले. घरमालकांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. "बिटिया, आप साइंस पढ़ी हैं. आप कह दीजिए कि ब्याह तक इन्हें कुछ नहीं होगा. आप कह देंगी, तो मैं मान लूँगा."

पुराव्यापलीकडे विधान करायचे नाही, हे माझ्या विषयाचे पहिले व्रत. आजींची नाडी, त्यांचे खाणे, त्यांची हाडे मी रोज पाहत होते. काका माझ्याकडे पाहत होते. मला ते वाक्य म्हणता आले नाही.

"शनिवार तक," घरमालक म्हणाले आणि डोळे पुसत खाली गेले.

शनिवारी काकांनी आजींना स्वतः उचलून खाली नेले. घरमालकांनी ऑटो बोलावून ठेवला होता आणि दार धरून ते उभे होते. उचलल्याबरोबर आजींचा हात भिंतीकडे गेला. जिन्याच्या भिंतीवरून तो घसरत खाली आला, कोपऱ्यापाशी अडखळला, पुन्हा लागला. अंगणात भिंत संपली. ताज्या रंगाच्या वासात, मंडपाच्या बांबूंमधून जाताना तो हात तसाच पुढे धरलेला होता, आणि ऑटोत बसवल्यावरही काही वेळ तो खाली आला नाही.

नवी खोली त्यांनी सदर बाजाराच्या मागच्या गल्लीत, पिठाच्या चक्कीच्या बरोबर वर घेतली. मला संशोधनवृत्ती मिळाली होती. झाशी सोडण्यापूर्वी उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला गेले. जिना चढतानाच पायाखाली थरथर जाणवत होती. खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा पातळ थर होता, काकांच्या भुवयांवरही. आजी खाटेवर पडून होत्या, तोंड भिंतीकडे. त्या भिंतीवर कसलाही पट्टा नव्हता. घरमालक सांगितल्याप्रमाणे होळीनंतर खरोखर आले होते, लग्नाचे लाडू घेऊन. आजींना एकदा पाहिले आणि नेण्याविषयी काही न बोलता बसून गेले.

"हीच खोली का घेतली?" मी त्यांच्या कानाशी ओरडले.

"इथे कोणाला काही ऐकू जात नाही!" ते माझ्या कानाशी ओरडले. घसा सुधारला होता. "कितीही हाका मारल्या तरी चालतं! मालकाला सगळं सांगून घेतली आहे!"

"मग? मारतात?"

त्यांनी मान हलवली. आल्यापासून एकही नाही. आधी त्यांना वाटले, चक्कीच्या आवाजात आपल्यालाच ऐकू येत नसेल. म्हणून ते ओठांवर नजर ठेवून बसू लागले. ओठ हलत नव्हते.

मी निघण्यासाठी उठले आणि तेवढ्यात वीज गेली. चक्कीचा पट्टा फडफडत मंदावला, एकदा आचका देऊन थांबला. पायाखालची थरथर बंद झाली. कानांना ते इतके अनपेक्षित होते, की मी भिंतीला हात टेकला. काका लगबगीने उठले. गल्लीचा आवाज येऊ नये म्हणून त्यांनी खिडकी लावली, दार लावले, आणि खाटेशी गुडघ्यांवर बसले.

"आई," ते म्हणाले. "आता बोला. चक्की थांबली आहे. सुमीला हाक मारा."

आजींचे डोळे उघडे होते.

"मारा ना. मोठ्यानं मारा. कोणी काही म्हणणार नाही."

खालून चक्कीवाल्याने कोणाला तरी विचारले, "बिजली कब आएगी, भैया?" काकांनी दचकून तोंडावर बोट ठेवले आणि मला गप्प राहण्याची खूण केली. मी बोलत नव्हतेच. मग श्वास रोखून, त्यांनी आपला कान आजींच्या ओठांजवळ नेला आणि ते तसेच वाकून राहिले.